खेळाचे नियम आणि खेळाडूचा स्वभाव

बुद्धिबळाचा पट मांडला कीं घोडा कसा चालतो, उंट कसा चालतो, याविषयीं घरांत वाद होत नाहीं. आणि डाव संपल्यावर जिंकलें कोण, याविषयींही संशय उरत नाहीं. पण ज्यांत पट नसला तरी चालतें, हार-जीत जवळजवळ नसतेच, आणि ज्याचे नियम 50 वर्षांत अनेक वेळां पालटले, असा एक खेळ अमेरिकेंत जन्मला. त्याचें नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं तो पाहिला नसेल. चार-पांच जण टेबलाभोवतीं बसतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण सूत्रधार होऊन तळघरें, राक्षस आणि खजिने यांचें वर्णन करतो. पात्रानें योजलेलें धाडस साधलें कीं फसलें, हें फांसे टाकून ठरतें.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे या खेळाचे जनक. 1974 मध्यें विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा या गांवाहून तीन लहान पुस्तिकांची एक पेटी प्रसिद्ध झाली. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या 1,000. पुढें 1977 ते 1979 या काळांत तिचा विस्तार करून मोठे ग्रंथ निघाले. 1989 मध्यें दुसरी आवृत्ति आली, 2000 मध्यें तिसरी, 2008 मध्यें चौथी, 2014 मध्यें पांचवी, आणि 2024 मध्यें पांचवीचेंच सुधारलेलें रूप. या आवृत्त्या शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते: त्यांतले कांहीं बदल केवळ हिशेबाचे आहेत, आणि कांहीं माणसाच्या वागणुकीला हात घालणारे आहेत.

हिशेबाच्या बदलाचें उदाहरण म्हणजे चिलखताचा अंक. जुन्या नियमांत चिलखत जितकें भक्कम, तितका हा अंक लहान. 1974 मध्यें उघड्या अंगाच्या माणसाचा अंक 9, तर पोलादी चिलखत व ढाल धारण करणाऱ्याचा 2. नवशिक्या योद्ध्याला पहिल्यावर वार लागू करावयाचा तर वीस बाजूंच्या फांशावर 10 किंवा अधिक पडावे लागत, दुसऱ्यावर 17. हे आंकडे कोष्टकांत पाहावे लागत. 1989 मध्यें कोष्टकाच्या जागीं वजाबाकी आली. 2000 मध्यें अंकच उलटा करण्यांत आला: चिलखत भारी तर अंक मोठा, आणि फांशाच्या दानांत बेरीज करून तो गांठावयाचा. नवख्यांची मोठी सोय झाली. तरी जुन्या रीतीचा 3 म्हणजे नव्या रीतीचा 17 इतकेंच. वजनें बदललीं, माल तोच राहिला.

दुसऱ्या प्रकारचे बदल इतके निरुपद्रवी नसतात. 1970 नंतरच्या दशकांतील त्या मोठ्या ग्रंथांप्रमाणें योद्ध्याला दुसऱ्या पायरीवर चढण्यास अनुभवाचे 2,001 गुण लागत. ऑर्क नांवाचा सामान्य राक्षस मारला तर वीसही गुण पदरांत पडत नसत. उलट सुखरूप बाहेर आणलेल्या सोन्याच्या नाण्यामागें साधारणतः एक गुण मिळे. मग शहाणा खेळाडू लढाईच्या वाटेस जाईना. तो दोर घेई, मशाल घेई, लांब काठीनें फरशी ठोकून पाही, पहारेकऱ्याला लांच देई, आणि राक्षस झोंपला असेल तर त्याला झोंपूं देई. 1989 मध्यें सोन्याचे गुण ऐच्छिक झाले. 2000 च्या आवृत्तींत ते मुख्यतः शत्रूंवर व संकटांवर मात करण्यासाठीं मिळूं लागले, आणि तलवार म्यानाबाहेर येण्यास पूर्वीइतका वेळ लागेना. शूर व्हा, असें खेळाडूला कोणीं सांगितलें नव्हतें. बक्षीस कोठें ठेवलें आहे, एवढेंच बदललें होतें.

मरणाचेंही तसेंच. 1974 मध्यें प्राणांक शून्यावर आला कीं पात्र मेलें. 1978 च्या ग्रंथांत नवख्या जादूगाराचे प्राणांक फांशावर 1 ते 4 पडत; मांजराच्या पंज्यानेंही त्याला धास्ती वाटावी. जखम भरून येण्याचा वेग दिवसाला एक अंक. 2014 मध्यें आठ तासांच्या विश्रांतीनें सर्व प्राणांक परत येऊं लागले. शून्यावर पोंचलेल्याला पाळीपाळीनें फांसा टाकावयास मिळतो: तीन वेळां साधलें तर जीव तगला, तीन वेळां फसलें तर गेला. जुन्या खेळांत मरण जवळ होतें म्हणून सावधपणा शिकावा लागे. नव्यांत पात्र दीर्घायुषी झालें, म्हणून त्याला आईबाप, वैर, पश्चात्ताप हें सारें लाभलें. एकीकडे कमाई झाली, दुसरीकडे कांहीं हातचें गेलें.

रचणाऱ्यांच्या मनांतील गृहीतेंही नियमांत उतरतात. 1978 च्या ग्रंथांत स्त्रीपात्राच्या बळाची कमाल मर्यादा पुरुषपात्राहून कमी होती. जादूटोणा आणि उडते राक्षस ज्या जगांत चालतात, तेथें बलिष्ठ स्त्री तेवढी अशक्य मानली गेली! 1989 मध्यें ती अट वगळण्यांत आली.

प्रत्येक बदल लोकांनीं निमूटपणें स्वीकारला, असेंही नाहीं. 2008 च्या चौथ्या आवृत्तींत योद्धा आणि जादूगार यांच्या शक्ति बऱ्याच अंशीं एकाच सांच्यांत बसविल्या गेल्या. समतोल साधला; पण पुष्कळांना पात्रांचें निराळेपण हरवल्यासारखें वाटलें. 2009 मध्यें पायझो या प्रकाशनसंस्थेनें तिसऱ्या आवृत्तीचाच वारसा चालवून ‘पाथफाइंडर’ काढलें. कांहीं मंडळी तर त्याहून मागें, पहिल्या ग्रंथांकडे वळली. राज्यांत नवा कायदा झाला कीं जुना रद्द होतो. येथें जुनें पुस्तक कपाटांतून काढण्यास कोणाची मनाई नाहीं.

म्हणून ‘कोणती आवृत्ति श्रेष्ठ’ हा वाद मिटत नाहीं, आणि तो मिटण्याचें कारणही नाहीं. त्याहून उपयोगी प्रश्न निराळा आहे: या नियमांखालीं वर्षभर खेळल्यावर माणूस कसा वागूं लागेल? धूर्त, धाडसी, कीं जपून पाऊल टाकणारा? शाळेंत गुण कशाला द्यावे आणि घरांत शाबासकी कशाला द्यावी, हें ठरविणाऱ्यांनींही हाच प्रश्न स्वतःला एकदां विचारून पाहावा. उपदेश पुष्कळदां विसरला जातो. गुण कशाला मिळाले, तें मात्र मूल विसरत नाहीं.