पोचलेल्याला पाटी कशाला?
(सुवर्णमहोत्सवी समारंभात अहमदाबाद येथे झालेले भाषण)



आपल्या मंडळातील आम्ही सातआठ जणांनी अलीकडे या शहरात भरलेल्या एका परिषदेच्या सिद्धतेला हातभार लावला. परिषदेचा विषय होता ‘यूजर एक्स्पीरियन्स डिझाइन’, म्हणजे वस्तू किंवा सेवा वापरणाऱ्या माणसाला येणाऱ्या अनुभवाची विचारपूर्वक आखणी. नाव नवे असले तरी अहमदाबादला हा विचार परका नाही. १९५८ साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचा मोठा गौरव केला आहे. तो हातात कसा बसतो, कमरेवर कसा पेलतो, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, असे प्रश्न त्यांनी मांडले. त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

आमच्याकडे पाट्या, नावाचे बिल्ले व स्वागतकक्ष यांची मांडणी होती. आम्ही ती हौसेने केली. आदल्या संध्याकाळी मंडळातील एका वयोवृद्ध काकूंना आम्ही विनंती केली, की फाटकापासून सभागृहापर्यंत एकट्याने या. आम्ही मागून, काही न बोलता येतो. काकू जिन्यापाशी थबकल्या. तेथे पाटी नव्हती. आमची सुबक पाटी सभागृहाच्या दारावर झळकत होती! काकू म्हणाल्या, “अरे, पोचलेल्याला पाटी कशाला हवी?”

रात्री पाट्या हलवल्या. बिल्ला गळ्यात फिरून कोरी बाजू पुढे येते हेही तेव्हाच ध्यानात आले. दोन्ही बाजूंना नावे छापून घेतली, तीही ठसठशीत अक्षरांत.

काकूंना या शास्त्राचे नाव ठाऊक नव्हते. पण त्यांनी जन्मभर पंगती वाढल्या आहेत. पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे. जेवणाऱ्याला शोधावे लागत नाही, मागावे लागत नाही. वाढणाऱ्याची नजर स्वतःच्या पातेल्यावर नसते, समोरच्या पानावर असते. परिषदेत दोन दिवस जे ऐकले, त्याचे सार आम्हांला येथे सापडले.

आता एक कबुली. आपले एक ज्येष्ठ सभासद तीन वर्षे कार्यक्रमांना फिरकले नव्हते. ते रुसले असावेत, असे आम्ही गृहीत धरले होते. परिषदेनंतर त्यांच्या घरी जाऊन प्रथमच विचारले. रुसवा कसला? वरच्या मजल्यावरच्या सभागृहाचा जिना त्यांना झेपत नव्हता, एवढेच! परक्या पाहुण्यांसाठी एका संध्याकाळीत पाट्या हलवणारे आम्ही, घरच्या माणसाची वाट तीन वर्षे अडवून बसलो होतो.

म्हणूनच आजचा समारंभ तळमजल्यावर आहे आणि ते पहिल्या रांगेत बसले आहेत. निमंत्रणपत्रिका मराठीबरोबर गुजरातीतही छापली. कारण आपल्या कित्येक सुना आणि नातवंडे गुजरातीच सहज वाचतात. त्यांनी मराठी शिकावे ही आपली इच्छा रास्तच आहे. पण त्यासाठी आधी त्यांनी दारात यायला हवे.

पन्नास वर्षे आपण घरापासून दूर हे घर राखले. यापुढे प्रत्येक कार्यक्रमाआधी आपल्यापैकी कोणीतरी एकदा फाटकापासून, नवख्यासारखे, चालत यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.