चायकॉव्हस्कीच्या सिम्फनी: कुणाच्या ऐकाव्यात?



सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी नोकरी करतो. शेडमध्ये माग चालू असले की शेजारच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. अशा गोंगाटात दिवस काढणाऱ्या माणसाला पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संगीताचा नाद कसा लागला, असं मला बरेच जण विचारतात. खरं तर ऐकायचं कसं, हे मी शेडमध्येच शिकलो. आमच्याकडचा जुना जॉबर मागांच्या रांगेतून नुसता चालत जातो आणि मध्येच एका मागापाशी थांबतो. तिथं काहीतरी ढिलं झालेलं असतं. सगळ्या मागांचा आवाज तो ऐकत बसत नाही. मागाचा आवाज कुठे फसतो ती जागा त्याला ठाऊक असते, त्याचा कान त्या जागेवर असतो. ध्वनिमुद्रणं निवडताना मीही हेच करतो, आणि आज त्याबद्दलच सांगणार आहे.

प्योत्र इलिच चायकॉव्हस्कीचा जन्म १८४० चा. त्याने क्रमांक दिलेल्या सिम्फनी सहा. पहिली १८६६ ची, म्हणजे वयाच्या सव्विसाव्या वर्षीची. शेवटची १८९३ ची. सिम्फनी म्हणजे सत्तर-ऐंशी वादकांसाठी स्वर न् स्वर लिहून ठेवलेली, बहुधा चार भागांची दीर्घ रचना. सगळं लिहिलेलंच असेल तर कुणीही वाजवलं तरी सारखंच वाजणार, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. सहाव्या सिम्फनीचा शेवटचा भाग लेनिनग्राडच्या वाद्यवृंदाने येव्गेनी म्राविन्स्कीच्या हाताखाली दहा मिनिटांच्या आत संपवला आहे. लेनर्ड बर्नस्टाईनने न्यूयॉर्कमध्ये १९८६ मध्ये तोच भाग वाजवून घेतला, त्याला सुमारे सतरा मिनिटं लागली. स्वर तेच, वाद्यं तीच. एकाचं दुःख दात आवळून सोसलेलं आहे, दुसऱ्याचं मोकळं सोडलेलं.

बाजारात या सिम्फनींची ध्वनिमुद्रणं शेकड्यांनी आहेत. हर्बर्ट फॉन कारायान या संचालकाने एकट्या सहाव्या सिम्फनीचं ध्वनिमुद्रण १९३९ पासून १९८४ पर्यंत पुन्हापुन्हा केलं. एवढं सगळं ऐकत बसणं नोकरदार माणसाला जमणारं नाही. म्हणून मी प्रत्येक सिम्फनीतली एक कसोटीची जागा धरतो आणि तेवढीच चार-पाच जणांकडून ऐकतो. तिथं जो उतरतो, त्याची अख्खी सिम्फनी लावतो.

चौथी सिम्फनी घ्या. ही १८७७-७८ ची. सुरुवातीला पितळी वाद्यांची मोठी ललकारी आहे, बहुतेकांना तीच लक्षात राहते. माझी जागा तिसरा भाग. इथे तंतुवाद्यांचे वादक गज बाजूला ठेवतात आणि पूर्ण भागभर बोटांनी तारा छेडतात. मध्ये फुंकीची लाकडी वाद्यं येतात, मग पितळी वाद्यं दबक्या आवाजात कूच वाजवतात आणि पुन्हा तारा सुरू होतात. चाळीस-पन्नास जणांची बोटं एकाच क्षणी तारेवर पडली पाहिजेत. एकाचं बोट केसभर मागे पडलं तरी आवाजाला भुसा लागतो. म्राविन्स्कीच्या ध्वनिमुद्रणात एकही दाणा फुटत नाही. आणि लगेच येणारा शेवटचा भाग तो इतक्या वेगात नेतो की श्वास अडकतो, तरी व्हायोलिनच्या धावत्या ओळींतला प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो.

या ध्वनिमुद्रणाबद्दल थोडं सांगतो. म्राविन्स्कीने लेनिनग्राड फिलहार्मोनिक १९३८ पासून थेट १९८८ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं सांभाळलं. १९६० मध्ये हा वाद्यवृंद पश्चिम युरोपच्या दौऱ्यावर गेला असताना डॉयच ग्रामोफोन कंपनीने त्यांच्याकडून चौथी, पाचवी आणि सहावी सिम्फनी मुद्रित करून घेतली. चौथी लंडनमध्ये, पाचवी आणि सहावी व्हिएन्नामध्ये. लेनिनग्राडला हा वाद्यवृंद ज्या सभागृहात वाजवी, त्याच सभागृहात २८ ऑक्टोबर १८९३ रोजी स्वतः चायकॉव्हस्कीने सहाव्या सिम्फनीचा पहिला प्रयोग संचालित केला होता. तेव्हा ते सरदार-उमरावांचं सभागृह होतं. नऊ दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, तो वारला. वय त्रेपन्न.

सोलापूरला रशिया तसा कधी परका नव्हता. लाल बावट्याच्या संघटना इथे जुन्या आहेत. आमच्या एमआयडीसीवरून अक्कलकोटच्या दिशेनं पुढे गेलं की कुंभारीला विडी कामगार बायकांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत लागते. मराठीतून छापलेली स्वस्त सोव्हिएत पुस्तकं एके काळी महाराष्ट्रातल्या घराघरांत होती. त्यांच्या मानाने सोव्हिएत तबकड्या फारच थोड्या घरांत पोचल्या, याची मला हळहळ वाटते.

पण चायकॉव्हस्कीपर्यंत जायला आपल्याला लेनिनग्राडपेक्षा जवळची एक वाट आहे आणि ती मुंबईहून निघते. मेहली मेहता नावाच्या पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. आकाशवाणीवर सभा सुरू होताना जी धून वाजते, तिचे कर्ते म्हणून वॉल्टर कौफमन यांचं नाव घेतलं जातं. नाझींच्या काळात युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईला आलेले हे ज्यू संगीतकार. त्या धुनेतलं व्हायोलिन मेहली मेहतांचं, असं सांगतात. त्यांचा मुलगा झुबिन. जन्म मुंबईचा, १९३६ चा. १९५४ मध्ये तो व्हिएन्नाला शिकायला गेला आणि १९६२ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा संगीत संचालक झाला. तिथं सत्तरच्या दशकात त्याने डेका कंपनीसाठी चायकॉव्हस्कीच्या सहाही सिम्फनी मुद्रित केल्या.

हा संच मी मुंबईकर माणसाचा म्हणून पुढे करत नाही. पाचव्या सिम्फनीतल्या माझ्या कसोटीच्या जागेवर तो उतरतो, म्हणून करतो. ही जागा दुसऱ्या भागाची सुरुवात. आधी खालच्या तंतुवाद्यांचे जड, अंधारे स्वर येतात आणि त्यांच्यावर एकटा हॉर्न गाऊ लागतो. ही एवढी लांब, एवढी उघडी चाल वाजवताना वादकाला लपायला जागा नसते. रशियन हॉर्नवादकांचा स्वर त्या काळी थरथरायचा, माणसाच्या गळ्यासारखा. म्राविन्स्कीकडे तसा आहे आणि काहींचा जीव त्याच्यावरच जडतो. मला झुबिन मेहतांकडचा सरळ, भरदार हॉर्न अधिक भावतो. त्याच्या खालून तंतुवाद्यं उबदार वाहतात आणि चाल कुठेही घाईला येत नाही. कुणी म्हणेल, यात रशिया कमी आणि कॅलिफोर्निया जास्त आहे. असेल. पण पाचव्या सिम्फनीत मला दैवाच्या धाकापेक्षा माणसाचं गाणं महत्त्वाचं वाटतं आणि ते इथे पुरेपूर आहे.

याच सिम्फनीचा तिसरा भाग वॉल्ट्झ आहे, म्हणजे तीन मात्रांचं नृत्य. टेरीच्या मागावर काम केलेल्याला तीनची गती शिकवावी लागत नाही. तीन धाग्यांच्या टेरीत पहिले दोन आडवे धागे फणी अर्धवटच पुढे आणते आणि तिसऱ्याला पूर्ण रेटा देते. त्या रेट्यासरशी लूप उभे राहतात. दोन हलके, एक भारी. दिवसभर कानात हेच.

सहाव्या सिम्फनीतही दुसरा भाग वॉल्ट्झसारखाच डोलतो, पण तो पाच मात्रांचा आहे. आपल्या श्रोत्याने इथे टाळी धरून बघावी. दोन आणि तीन, दोन आणि तीन. झपतालाचे खंड ज्याच्या हाताला माहीत आहेत, त्याला हा भाग पहिल्या ऐकण्यातच आपला वाटतो. वाद्यवृंद ही पाचची चाल अडखळल्यासारखी वाजवतो की सहज डोलवतो, हे बघायचं. मारिस यान्सन्सने ऐंशीच्या दशकात नॉर्वेच्या ऑस्लो फिलहार्मोनिककडून शँडोस कंपनीसाठी पूर्ण संच करून घेतला आहे. त्यात ही पाचची चाल पाण्यावर तरंगावी तशी जाते. तो संच सगळ्या बाजूंनी निरोगी आहे. नव्याने ऐकणाऱ्याने एकच संच घ्यायचा म्हटलं तर मी यान्सन्सचा सांगेन.

मात्र सहावीची खरी परीक्षा पहिल्या भागाच्या मध्यावर आहे. सुंदर, हळवी चाल विरत विरत जाते. क्लॅरिनेट ती उचलतो, आणखी हळू करतो. शेवटचे चार स्वर चायकॉव्हस्कीने बसून या खालच्या स्वरांच्या लाकडी वाद्याला दिले आहेत आणि त्यांच्याखाली हळू वाजवण्याची खूण एकदा नाही, सहा वेळा लिहिली आहे. बसूनला एवढं हळू वाजवणं जवळजवळ अशक्य, म्हणून पुष्कळ संचालक ते स्वर बास क्लॅरिनेटला देतात. मग निमिषभर काहीच नाही आणि सगळा वाद्यवृंद एकदम अंगावर कोसळतो. म्राविन्स्कीच्या ध्वनिमुद्रणात हा कोसळणारा क्षण ठाऊक असूनही मी दर वेळी दचकतो. सहावीसाठी माझा कौल त्यालाच. बर्नस्टाईनचीही जवळ ठेवावी, कधीतरी ऐकावी, पण रोजची नव्हे.

पहिल्या तीन सिम्फनी लोक बाजूला टाकतात, हे मला पटत नाही. पहिलीचं नाव ‘हिवाळी स्वप्नं’. मे महिन्यात सोलापूर तापलेलं असताना मी ती मुद्दाम लावतो. तिच्यासाठीही मेहतांकडे जावं. दुसरीत युक्रेनी लोकगीतांच्या चाली आहेत. तिचा शेवट येव्गेनी स्वेत्लानोव्हच्या रांगड्या हातात फार शोभतो. तिसरी तेवढी पकड घेत नाही, पण एकदा ऐकावी.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत उतरावं. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह त्याचे संगीत संचालक आहेत. त्यांच्या हंगामाच्या कार्यक्रमात चायकॉव्हस्कीचं नाव दिसलं तर तिकीट काढून ठेवावं.

घरी ऐकणाऱ्यांना दोन सूचना. मोबाइलवरच्या गाण्यांच्या ॲपमध्ये आवाज सारखा करणारी एक सोय असते. ती आधी बंद करा, नाहीतर काही ॲपमध्ये बसूनचे ते चार स्वर आणि त्यानंतरचा कल्लोळ यांच्यातलं अंतरच कमी होतं. दुसरी सूचना सहावीच्याच तिसऱ्या भागाची. तो भाग एवढ्या जल्लोषाच्या कुचाने संपतो की सभागृहातही लोक टाळ्या वाजवून बसतात. सिम्फनी संपली असं समजून बंद करू नका. दुःखाचा भाग त्याच्यानंतर आहे. गाडी चालवताना किंवा मागाच्या शेडमध्ये सहावी लावू नका, काहीच हाती लागणार नाही. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी पाऊण तास काढा, दार लावून घ्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐका.