व्हिसा आला म्हणजे काम मिळालं असं नाही
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या मार्गदर्शनाचा मजकूर)



गेल्या काही महिन्यांत आपल्या गटांकडं एका नव्या कारणासाठी कर्जाची मागणी येतेय. "दुबईला कामाला जायचंय, एजंटला पैसे भरायचेत." कुणाला लेकासाठी, कुणाला नवऱ्यासाठी, कुणाला स्वतःसाठी. जाण्यात वाईट काही नाही. तिकडं कमावून कितीजणांनी घरं बांधली, पोरं शिकवली. पण पैसा गटाचा आहे आणि जीव आपल्या माणसाचा. म्हणून कर्जाला होकार देण्याआधी कागद कसा बघायचा, ते आज समजून घेऊ.

दुबई ज्या देशात आहे तो संयुक्त अरब अमिराती. तिथं फिरायला जायचा व्हिसा वेगळा आणि कामाचा वेगळा. फिरायच्या व्हिसावर काम करणं तिथं बेकायदा आहे. कामाचा व्हिसा मालकाच्या नावानं निघतो. तिथं पोचल्यावर वैद्यकीय तपासणी होते, ओळखपत्र मिळतं, राहण्याची परवानगी मिळते. ही परवानगी त्या मालकाशी बांधलेली असते. मालकाचं घर न सांगता सोडलं, तर परवानगीही धोक्यात येते.

मग एजंट फिरायचा व्हिसा का देतो? इथं खरी मेख आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते. असा पासपोर्ट असेल तर आखाती देशात नोकरीला जाण्याआधी भारत सरकारची मंजुरी लागते. 30 वर्षांखालच्या बाईला ती मिळत नाही. त्यावरच्या बाईची भरतीसुद्धा सरकारनं नेमलेल्या सरकारी संस्थांमार्फतच होते. हे सगळं टाळायला एजंट म्हणतो, "विमानतळावर सांगा, फिरायला चाललोय."

ताई, हे एक वाक्य फार महाग पडतं. सरकारच्या कागदावर तुम्ही कामगार म्हणून गेलेल्याच नसता. मंजुरी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा असतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख रुपये. दोन वर्षांचा हप्ता फक्त 275 रुपये. फिरायला गेलेल्या बाईला तो नाही. तिकडच्या घरकामगार कायद्यात आठवड्याला एक पगारी सुट्टी आहे, दिवसाला 12 तास विश्रांती आहे, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा हक्क आहे. पण कामाचा करारच नसेल तर हे हक्क मागायचे कशाच्या आधारावर? उलट व्हिसाची मुदत संपली की रोज 50 दिरहम दंड चढतो. म्हणजे आपले हजार रुपयांच्या वर, दर दिवसाला.

"तिथं गेल्यावर व्हिसा बदलून देतो," असंही एजंट सांगतो. बदलेलही. पण नाही बदलला तर परतीच्या तिकिटालासुद्धा हातात पैसे नसतात, आणि इकडं गटाचा हप्ता चुकत नाही.

दहावी झालेल्या ताईंना ही मंजुरी लागत नाही. पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडायचं म्हणजे ईसीआरची नोंद येत नाही. पण मग इथं कागद तपासणारंही कुणी नसतं. त्यामुळं त्यांनी करार दुप्पट काळजीनं वाचावा.

तर कर्जाचा अर्ज आला की गटानं हे चार प्रश्न विचारायचे:

1. पासपोर्ट ईसीआर आहे का? असेल तर सरकारची मंजुरी कुठाय?
2. व्हिसावर काय लिहिलंय, काम की फिरणं? इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेतल्या बाईंकडून वाचून घ्या.
3. करारात मालकाचं नाव, काम, पगार आणि सुट्टी लिहिलीय का? त्याची एक प्रत घरी ठेवलीय का?
4. एजंट नोंदणीकृत आहे का? सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर त्याचं नाव सापडतं. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती द्यावीच लागते.

"पावती कशाला, आपण घरचेच," असं म्हणणाऱ्याला गटाचा एक रुपयाही देऊ नका. अर्ज करणारीला वाईट वाटेल, "तुम्हाला माझी प्रगती बघवत नाही," असंही ती म्हणेल. तरीही विचारा. आपण तिला नाही म्हणत नाही, पुरे कागद घेऊन ये म्हणतोय.

आणि जी आधीच गेलीय, तिच्या घरी आजच जा. तिच्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स घरात आहे का बघा. नसेल तर मोबाईलवर फोटो मागवून घ्या. अडचण आलीच तर तिथल्या भारतीय दूतावासाकडं किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार करता येते. तेव्हा आधी पासपोर्टचा नंबरच विचारतात.

पुढच्या सभेत ग्रामसंघांनी या चार प्रश्नांचा ठराव घ्यावा, अशी माझी विनंती आहे. ज्यांच्या घरात असा व्हिसा आलाय त्यांनी झेरॉक्स घेऊन या. आपण मिळून वाचू.

— क्षेत्र समन्वयक