सेवासंस्थांची स्मरणशक्ति

एखाद्या सेवासंस्थेची पाहणी करावयास शहरांतून देणगीदार येतात, तेव्हां त्यांना इमारत, हिशेब आणि छापील अहवाल दाखविण्यांत येतो. हल्लीं त्यांत संगणकाचीही भर पडली आहे. तक्ते झरझर पडद्यावर उमटतात आणि पाहुणे संतुष्ट होऊन परततात. परंतु संस्थेनें इतक्या वर्षांत जें ज्ञान मिळविलें, तें तिच्यापाशीं कितपत शिल्लक आहे, याची परीक्षा कशी करावी? आज त्याविषयीं थोडेसें बोलावयाचें आहे.

कर्जत व खालापूर हे तालुके मुंबईस जवळचे. त्यामुळें येथें सेवाकार्य करणाऱ्यांची वाण कधीं पडली नाहीं. ठाकूर व कातकरी यांच्या वाड्यांच्या पाहण्या तर उदंड झाल्या. पण दिवाळीनंतर पुष्कळशीं कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर वा कोळसा पाडावयास जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारींत पाहणी करणारा बंद झोपड्या मोजतो. शाळेच्या पटावर त्या मुलांपुढें ‘गैरहजर’ एवढेंच लागतें; मूल कोणत्या भट्टीवर आहे, हें पटाला ठाऊक नसतें. मुकादमाला मात्र ठाऊक असतें, कारण त्यानें उचल दिलेली असते! त्याची वही आमच्या पटाहून अधिक खरी ठरावी, हें मास्तरकी केलेल्या माणसास सांगतांना जड जातें.

कर्जत तालुक्यांत कशेळे येथील ‘ॲकॅडेमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेनें आदिवासी वाड्यांतून धान्य बँका चालविल्या. पावसाळ्यांत घरांतलें भात संपलें म्हणजे सावकाराच्या दारीं जावें लागूं नये, हा हेतु. अशा बँकेची वही वाडींतलाच कोणी वाचूं शकतो, कीं कार्यकर्ता येईपर्यंत ती गाठोड्यांत राहते, ही माझ्या मतें पहिली कसोटी होय. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेनें गांवांतल्याच स्त्रियांना नवजात अर्भकांची तपासणी करून नोंद ठेवावयास शिकविलें. नोंद करणारी आणि त्या नोंदीवरून उपचार करणारी स्त्री एकच. त्या ३९ गांवांत तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांचे मृत्यु, तुलनेसाठीं निवडलेल्या गांवांच्या मानानें, सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले, असें १९९९ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें.

उलट बाजूचें उदाहरण आमच्याच उंबरठ्यावरचें आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें बेपत्ता राहिलीं आणि २३ जुलैला शोध थांबविण्यांत आला. दरडप्रवण ठिकाणांच्या यादींत या वाडीचें नांव नव्हतें, असें सरकारकडून सांगण्यांत आलें. इर्शाळगडावर जाणारे गिर्यारोहक तर या वाडींतूनच जात! त्या रात्रीं कोण घरांत होता, कोण आश्रमशाळेंत, कोण कामावर, हें जुळवितांना वाचलेल्या माणसांच्याच तोंडाकडे पाहावें लागलें.

तेव्हां संस्थेस भेट द्याल, तर संगणक किती, हें विचारूं नका. काम सोडून गेलेल्या एखाद्या कार्यकर्तीच्या वाडीचें नांव घ्या आणि तिच्या जागीं आलेल्या तरुणास विचारा : तेथलीं किती कुटुंबें सध्यां बाहेर आहेत, कोठें आहेत, कधीं परतणार? त्यानें कागद काढून दाखविला तर उत्तम. ‘जुन्या बाईंना विचारावें लागेल’ असें उत्तर आलें, तर संस्थेची विद्या त्या बाईंबरोबरच गेली, असें समजा. फसलेल्या उपक्रमाची नोंदही अवश्य मागा. देणगीदार रुसतील या भयानें ती बहुधा लिहिलीच जात नाहीं, आणि तोच उपक्रम शेजारच्या तालुक्यांत नव्या उत्साहानें फसतो. एक पथ्य मात्र पाळा. नांवांची वही स्वतः चाळूं नका. कोणाच्या घरीं क्षय आहे, कोणाच्या डोक्यावर किती उचल आहे, ही माहिती त्या घरची. पाहुण्यास आंकडा पुरे.