गुलाबाई आणि गंधर्वकन्या

मराठींत 'कादंबरी' हें आज एका वाङ्मयप्रकाराचें नांव आहे; मुळांत तें एका मुलीचें नांव होतें. सातव्या शतकांत, सम्राट् हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टानें संस्कृतांत एक प्रदीर्घ गद्यकथा रचण्यास घेतली. ती अपुरी राहिली, आणि पुढें त्याच्या पुत्रानें पुरी केली. तिची नायिका कादंबरी ही मानवी नव्हे. ती गंधर्वराज चित्ररथाची कन्या. तिची जिवलग मैत्रीण महाश्वेता प्रियकर गमावून तपस्विनी झालेली आहे. ती दुःखांत असेपर्यंत आपण विवाह करावयाचा नाहीं, असा कादंबरीचा निश्चय असतो. अशा वेळीं उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड तिच्या दृष्टीस पडतो. आणि सखीसाठीं केलेला निश्चय व मनांत उगवलेली प्रीति यांच्या कात्रींत ती सांपडते. अलौकिक नायिका, नगरवासी नायक आणि नायिकेच्या मनांतील द्वंद्व ही जी सामग्री हल्लींच्या अद्भुत प्रणयकथांतून तरुण वाचकांना नवी म्हणून भेटते, ती अशी तेराशें वर्षांहून जुनी आहे.

मराठी कादंबरीचें बालपणहि अद्भुतांतच गेलें. 1861 सालची 'मुक्तामाला' आणि 1868 सालची 'मंजुघोषा' या कथा त्याच वळणाच्या. 1893 मध्यें देवलांनीं बाणाच्या कथेवरून 'शापसंभ्रम' नाटक रंगभूमीवर आणलें. पण त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांच्या लेखणींतून मध्यमवर्गीय घरांतील स्त्रीचें खरें दुःख अवतरलें, आणि अद्भुत तें पोरकट व वास्तव तें प्रौढ, अशी समजूत हळूहळू रूढ झाली. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं 1902 सालीं 'कादंबरी' या निबंधांत या प्रकाराचा साक्षेपानें विचार केला. तेच राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यास निवर्तले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ त्याच गांवीं उभें राहिलें. अद्भुत आणि वास्तव खरोखरच एकमेकांचीं वैरी आहेत काय? या प्रश्नाचें एक उत्तर ग्रंथांत नसून खानदेशच्या गल्लींत आहे.

भाद्रपदी पौर्णिमेला खानदेशांत घरोघर गुलाबाई बसते. विदर्भांत हिलाच भुलाबाई म्हणतात. रंगविलेली मातीची पार्वती, शेजारीं शंकर, आणि पुष्कळदां मांडीवर बाळ. पुढें महिनाभर, कोजागिरीपर्यंत, मुली सायंकाळीं एकेका घरीं जमतात, टिपर्‍यांच्या ठेक्यावर गाणीं म्हणतात, आणि झांकलेल्या डब्यांत कोणता खाऊ आहे तो ओळखतात. कोजागिरीला गुलाबाईची पाठवणी होते. वर वर पाहतां हा पोरींचा खेळ. पण महिनाभर रोज पुढें सरकणारी ही एक मालिकाच आहे, आणि तिची नायिका देवता आहे.

तिची कथा अशी सांगतात. शिवपार्वती सारीपाट खेळावयास बसलीं. शंकर सर्वस्व हरले आणि रुसून रानांत निघून गेले. तेव्हां पार्वतीनें भिल्लिणीचा वेष घेतला, रानांत जाऊन त्यांना भुलविलें आणि परत आणलें; म्हणून ती भुलाबाई. कथा गोड आहे, पण जरा थांबून पाहिलें तर तिच्यांत कांटा आहे. डाव जिंकला पार्वतीनें. तरी हरलेल्या नवर्‍याचा रुसवा काढण्यासाठीं आपलें देवपण उतरवून ठेवावें लागलें तें तिलाच. आणि शंकर भुलले ते कोणाला? जिंकणार्‍या पत्नीला कीं अनोळखी भिल्लिणीला? सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणार्‍या गांवकरी मुलींना भिल्लीण परकी नव्हे. रानांत ती मोकळी हिंडते, एवढेंच त्यांच्या कल्पनेनें तिच्याकडून उसनें घेतलें. तिचे कष्ट व तिची गरिबी मात्र या कथेंत आलीं नाहींत.

गाण्यांत तर पार्वती पुरती सासुरवाशीण होते. ती माहेरीं जावयास निघते. सासू म्हणते, आधीं कारल्याचें बीं पेर. मग त्याला कोंब येऊं दे, वेल चढूं दे, फूल येऊं दे, कारलें लागूं दे, भाजी होऊं दे. प्रत्येक पायरीला माहेर एकेक हात दूर सरतें. ऐकणारे हंसतात, परंतु तें गाणें म्हणणार्‍या मुली कोण होत्या, हें विसरतां येत नाहीं. 1929 च्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरविलें. त्यापूर्वीं आठ-दहा वर्षांच्या मुली बोहल्यावर चढत. त्यांना सासूविरुद्ध एक शब्द काढण्याची सोय नव्हती. पण देवीचें गार्‍हाणें गाण्यास कोण हरकत घेणार? मानवी मुलीला जें बोलतां येत नव्हतें, तें देवतेच्या तोंडून बोललें गेलें. अद्भुत हें येथें वास्तवापासून पळ काढण्याचें साधन नव्हे. वास्तव उघड बोलण्याचा तो परवाना आहे.

कादंबरीला आणि गुलाबाईला शेजारीं बसविलें म्हणजे आणखी एक भेद दिसतो. बाणाच्या कथेंत शाप सरतो, मृत नायक जिवंत होतो, आणि दोन्ही प्रेमिकांचीं मिलनें होतात. गुलाबाईचा शाप सरत नाहीं. ती दर वर्षीं माहेरीं येते आणि दर वर्षीं परत जाते.

1978 पासून मुलीच्या विवाहाचें वय अठरा आहे. जळगांव शहरांत भुलाबाईचे महोत्सव व्यासपीठावर होतात. तेथें गाणार्‍या मुलीला कदाचित् कारल्याचा वेल ठाऊक नसेल. पण नोकरी आणि घर, स्वतःचा डाव आणि दुसर्‍याचा रुसवा, यांतील ओढाताण तिला ठाऊक आहे. म्हणून खानदेशच्या शहरांत अद्भुत प्रणयकथा लिहूं इच्छिणार्‍यानें परदेशी रक्तपिपासू प्रेतांच्या दारीं जाण्याचें कारण नाहीं. नायिकेला सिद्धि किती, यापेक्षां प्रेमासाठीं तिला काय उतरवून ठेवावें लागतें, हें त्यानें विचारावें. कथा तेथून सुरू होते.

हीं गाणीं धुळ्याकडे अहिराणींत, यावल-रावेरकडे लेवा बोलींत, आणि घरागणिक थोडीं निराळीं आहेत. घरांतील वडीलधार्‍या स्त्रियांना तीं अजून आठवतात. येत्या भाद्रपदांत गुलाबाई बसेल, तेव्हां घरांतील एखाद्या मुलीनें वही घेऊन आजीजवळ बसावें आणि आजी म्हणेल तसें, एकहि शब्द न सुधारतां, लिहून घ्यावें.