पाल्याला नावे ठेवू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला चार शब्द बोलण्यास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या विषयावर मी काय बोलणार? तेव्हा रोज हाताखालून जाते त्या पालेभाजीविषयीच बोलते.

पाहुणे आले की आपण बटाटा करतो, पनीर आणतो. माठ किंवा टाकळा वाढायचा म्हटला की कमीपणा वाटतो. पण २०१९ ते २०२१ या काळात सरकारने कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली, तीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या शंभर बायकांत सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. या सतरंजीवर बसलेल्या आपणांतही अशा किती असतील! जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आपण "वय झाले" म्हणून सोडून देतो.

पालेभाजीत लोह आहे, चुना आहे, डोळ्यांना हवे असलेले अ जीवनसत्त्व आहे. मात्र पाल्यातले लोह अंगी लागायला आंबटाची जोड लागते. म्हणून भाजीवर लिंबू पिळावे, नाहीतर पानात आवळा घ्यावा. जेवल्याबरोबर चहा पिऊ नये, तासभर थांबावे. चहा ते लोह अंगी लागू देत नाही. फोडणीला थोडे तेल हवेच, त्याशिवाय अ जीवनसत्त्व नीट मिळत नाही.

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर मोरीत जाते. अळूला चिंच किंवा आमसूल घालण्याचे कारण म्हणजे घशाची खाज. आपल्या आज्या हे पुस्तक न वाचता जाणत होत्या.

प्रत्येक ऋतूचा आपला पाला आहे. पहिल्या पावसानंतर टाकळा आणि कुर्डू, थंडीत चाकवत, मेथी आणि हरभऱ्याचा कोवळा पाला. घोळ तर शेतात न पेरता उगवते. शेवग्याच्या शेंगा आपण हौसेने घेतो आणि पाला झाडावरच ठेवतो. मुळ्याचा आणि नवलकोलाचा पाला भाजीवाल्याकडेच मोडून टाकून येतो. पैसे दिलेली भाजी अशी टाकून येऊ नये.

टाकळ्याची कृती सांगते. पाने कोवळी असतानाच खुडावीत. जून झाली की कडवट लागतात. चार वाट्या चिरलेला पाला, दोन तास भिजवलेली पाव वाटी हरभऱ्याची डाळ, एक कांदा, सहा-सात लसणीच्या पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या. तेलात लसूण लाल करावी, मिरच्या व कांदा परतावा, डाळ घालून पाण्याचा हबका मारून वाफ आणावी. डाळ बोटचेपी झाली की पाला आणि मीठ घालावे. पाला मऊ झाला की उतरवावी, वरून ओले खोबरे. फणसाच्या आठळ्या असल्या तर उत्तमच.

एक सावधगिरी. गटाराकाठचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा पाला खुडू नये, आणि ओळख नसलेले पान चुलीवर चढवू नये. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून खावे. शिवाय पालेभाजी म्हणजे औषध नव्हे. जिला दिवस गेले आहेत तिने लोहाच्या गोळ्या बंद करून भाजीवर भरवसा ठेवू नये; दोन्ही घ्यावे.

आता मनातले बोलते. पालेभाजी शिजली की टोपभर पाल्याची वाटीभर होते. यजमानांना वाढली, मुलाला वाढली, आणि आपल्या व मुलीच्या पानात उरते काय? खरकटलेला रस! ज्यांचे रक्त कमी त्यांनाच भाजी नाही, हा कुठला न्याय? भाजी उतरवताच आपली आणि लेकीची वाटी आधी बाजूला काढा. सासूबाई रागावल्या तर त्यांचीही वाटी काढा, त्याही बाईच आहेत.

आणि पावसाळ्यात डोंगरातून पहाटे निघून ज्या ठाकूर, कातकरी बाया जुड्या घेऊन येतात, त्यांच्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. तिने रान तुडवले म्हणून आपल्या घरी टाकळा आला.

पुढच्या सभेला प्रत्येकीने एकेक पालेभाजी करून आणावी, अशी माझी सूचना आहे.