झेंडा देशाचा, सांभाळ आपला

मी ढोकीहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. शेळी, कुक्कुटपालन, शेवया, पापड, मसाला यावर आपण नेहमी बोलतो. आज जरा वेगळ्या कामाबद्दल बोलायचं आहे. काम छोटं आहे आणि त्यात पैसाही फार नाही, पण ते नीट केलं तर गटाला दरवर्षी ठरलेली रक्कम मिळू शकते आणि गावात मान मिळतो. ते काम म्हणजे राष्ट्रध्वज घरोघरी लावून देणं, संध्याकाळी उतरवून आणणं आणि वर्षभर सांभाळणं.

आधी २०२२ सालची गोष्ट सांगते. स्वातंत्र्याला ७५ वर्षं झाली आणि १३ ते १५ ऑगस्टला ‘हर घर तिरंगा’ मोहीम झाली. तुमच्यापैकी कित्येक जणींनी तेव्हा झेंडे शिवले असतील. आम्हीही शिवले. एका व्यापाऱ्यानं तोंडी मागणी दिली होती. आमच्या बायकांनी रात्री जागून शिवण मारली. शेवटी त्यानं अर्धाच माल उचलला. १६ ऑगस्टला उरलेल्या झेंड्यांना कोण विचारणार? गठ्ठा बांधून ट्रंकेत ठेवला. त्याच आठवड्यात बाजाराला जाताना पाहिलं, तर एक झेंडा नालीच्या कडेला चिखलात, दुसरा विजेच्या खांबाला चिंध्या होऊन लटकलेला. मी उचलून पिशवीत घातला आणि घरी आणला. लावायला सगळे उत्साहानं पुढं आले होते. उतरवायचं मात्र कुणाचंच काम नव्हतं.

पुढं मला मोबाईलवर अमेरिकेतल्या एका पद्धतीबद्दल वाचायला मिळालं. रोटरी, लायन्स ही नावं आपण नेत्र तपासणी शिबिराच्या फलकावर वाचलेली असतात. तिकडं अशा सेवाभावी क्लबांपैकी कित्येक जण गावातल्या लोकांकडून वर्षाची वर्गणी घेतात. त्या बदल्यात ठरलेल्या सणाच्या दिवशी, म्हणजे मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, ४ जुलैला, ११ नोव्हेंबरला, क्लबची माणसं सकाळी येऊन दारापुढं झेंडा लावतात. सण झाला की काढून नेतात. झेंडा क्लबचा, काठी क्लबची. घरमालकानं फक्त वर्गणी द्यायची. त्या पैशातून मुलांना शिष्यवृत्ती देतात, गरजूंना मदत करतात.

हे वाचून मला आपली भांडी आठवली. आपले गट लग्नसराईत पातेली, ताटं, सतरंज्या भाड्यानं देतात की नाही? एकदा घेतलेली वस्तू दहा वर्षं चालते. मग झेंड्याचं असं का होऊ नये? शिवून विकला तर तो एकाच दिवसाचा धंदा. लावून देऊन परत आणला तर वर्षाचं काम.

आणि आपल्या मराठवाड्यात दिवस तर चार आहेत. २६ जानेवारी, १ मे महाराष्ट्र दिन, १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. बाकीच्या महाराष्ट्राला तीन, आपल्याला चार. १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर तिरंगा फडकला तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता. आपल्याला आणखी तेरा महिने थांबावं लागलं. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. तेव्हा झेंडा लावला म्हणून लोक तुरुंगात गेले, आणि आज तोच झेंडा आपण नालीत पडू देतो, हे बरं नाही.

म्हणून गेल्या वर्षी १७ सप्टेंबरला आम्ही छोटी सुरुवात केली. फक्त बारा झेंडे. ट्रंकेतलेच, धुऊन इस्त्री केलेले. रस्त्यावरची सात दुकानं आणि पाच घरं. प्रत्येकी ५० रुपये. सकाळी लावायचे, दिवस मावळायच्या आत काढायचे.

पैसे मागायला गेलो तेव्हा पहिल्याच दुकानात ऐकावं लागलं. “झेंड्याचं भाडं? ताई, पालखीचं भाडं घेतंय का कुणी?” माझ्यासोबतच्या वहिनी मागं सरकल्या. मलाही क्षणभर काही सुचलं नाही. मग मी म्हणाले, “दादा, झेंड्याला मोल नाही, खरं आहे. आम्ही सकाळी येऊन लावणार, संध्याकाळी उतरवणार, धुणार, इस्त्री करून ठेवणार. पैसे त्या कामाचे आहेत.” ते म्हणाले, “हां, असं बोला.” आणि ५० रुपये दिले. दोन ठिकाणी नाही म्हणाले, त्यांना आम्ही हसून नमस्कार केला.

मैत्रिणींनो, हे मी मुद्दाम सांगतेय. धुणं, वाळवणं, घडी घालणं, जपून ठेवणं हे आपण घरात जन्मभर करतो, त्यामुळं ते काम आहे हेच आपल्याला वाटत नाही. मग बाहेर त्याचे पैसे मागताना जीभ अडखळते. शिवणाचे पैसे मागायला लाज वाटत नाही, मग सांभाळण्याचे मागायला का वाटावी?

आता चूक सांगते, ती माझीच होती. त्या दिवशी बारा झेंडे गेले आणि संध्याकाळी अकराच आले. तिघी जणी तीन बाजूंनी फिरल्या. रस्त्याच्या टोकाला असलेल्या दुकानाचा झेंडा हिला वाटलं ती आणेल, तिला वाटलं ही आणेल. मी कुणाकडं कोणता झेंडा हे लिहूनच दिलं नव्हतं. अंधार पडला, स्वयंपाकाची वेळ झाली, सगळ्या घरी गेल्या. रात्री पाऊस आला. मला झोप लागली नाही. पहाटे जाऊन पाहिलं तर काठी आडवी पडलेली आणि झेंडा नाही. शेजारच्या चहावाल्यानं तो रात्रीच उचलून, पिळून, आपल्या फळीवर वाळत घातला होता. मी त्याचे आभार मानले, पण मान खाली गेली. ज्या गोष्टीचे पैसे घेतले नेमकी तीच आम्ही केली नव्हती. त्या दुकानदाराला जाऊन सांगितलं आणि त्याचे ५० रुपये परत केले.

त्या दिवसाचा हिशोब असा झाला. ६०० जमा, ५० परत, तिघींना प्रत्येकी १५० प्रमाणे ४५० मजुरी. उरले १००. पण त्या एका दिवसानं शिकवलं खूप. त्यानंतर बैठकीत जे नियम ठरवले ते सांगते.

पहिला, काठीला आणि पिशवीला नंबर. झेंड्यावर मात्र काहीही लिहायचं नाही. गटाचं नाव नाही, दुकानाचं नाही, नंबरही नाही. ध्वजसंहितेत ते चालत नाही. काठीवर जाहिरातही लावता येत नाही. एखादा दुकानदार म्हणेल, “माझं नाव टाका, पाचशे देतो,” तर हात जोडून नाही म्हणायचं.

दुसरा, वहीत प्रत्येक नंबरासमोर लावणारीचं आणि उतरवणारीचं नाव. संध्याकाळी सगळ्यांनी एका ठिकाणी यायचं आणि झेंडे मोजल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. सप्टेंबरात साडेसहाच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणून साडेपाचलाच निघायचं. त्या दिवशी घरातला स्वयंपाक कोण बघणार हे आदल्या दिवशीच घरात बोलून ठेवायचं.

तिसरा, उतरवायचं म्हणजे उतरवायचंच. जुलै २०२२ मध्ये नियम बदलला. आता नागरिकांना आपल्या घरावर रात्रीही तिरंगा ठेवता येतो. पण वारा, पाऊस, जनावरं बघता आम्ही तो रात्री ठेवत नाही. गुढी दिवस मावळायच्या आत उतरवायची हे आपल्याला कुणी सांगावं लागतं का? तसंच हे.

चौथा, काठी वेळूचीच, सहा-सात फुटांची. लोखंडी नको, वरून विजेच्या तारा जातात. रंगाच्या रिकाम्या बादलीत सिमेंट-खडी भरून मधे पाईपचा तुकडा बसवायचा, की झाला ठोकळा. तो जड असतो, म्हणून गिऱ्हाइकाच्या घरीच ठेवायचा. आपण फक्त झेंडा आणि काठी नेायची-आणायची.

आता झेंड्याबद्दल. भारताची ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. झेंड्याची लांबी-रुंदी ३ : २ हवी. घरासाठी साधारण तीन फूट बाय दोन फूट पुरतो. चक्र निळं, २४ आऱ्यांचं, दोन्ही बाजूंनी दिसणारं. पूर्वी खादीसारखं हातमागाचंच कापड लागायचं. ३० डिसेंबर २०२१ च्या बदलानंतर यंत्रावरचं आणि पॉलिस्टरचंही चालतं. पॉलिस्टर स्वस्त पडतं. पण खादीचा तिरंगा आपल्याच मराठवाड्यात बनतो, उदगीरला कापड आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत झेंडा. निदान ग्रामपंचायतीसाठी आणि शाळेसाठी तरी खादीचा घ्या असं मी म्हणेन.

केशरी पट्टा नेहमी वर. झेंडा जमिनीला, पाण्याला लागू द्यायचा नाही. फाटका, मळका लावायचा नाही. वाऱ्यानं आधी मोकळी कडा उसवते, म्हणून तिथं दुहेरी शिवण मारायची. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा आणि मग दोन्ही बाजूंनी अशी घडी घालायची की वर चक्र दिसेल. अगदीच जीर्ण झाला तर चारचौघांत नाही, एकांतात, मानानं, अख्खाच जाळायचा. त्याची उशी नाही, पुसणं नाही. ध्वजाचा अपमान हा १९७१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

आता पैशाकडं येते. पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुम्ही आपल्या बाजारात भाव काढा. २५ गिऱ्हाइकं धरू. वर्षाचे चार दिवस मिळून ३०० रुपये वर्गणी, म्हणजे एका दिवसाचे ७५. ती २६ जानेवारीच्या आधी रोख किंवा गटाच्या खात्यावर, पावती देऊन. जमा ७,५००. आता खर्च. झेंडा १५०, काठी आणि पिशवी १००, ठोकळा १००, असे ३५० प्रमाणे २५ चे ८,७५०. तीन झेंडे जास्तीचे, ४५०. मजुरी तिघींची चार दिवस, १५० प्रमाणे १,८००. साबण, इस्त्री, दोरा, वही ४००. एकूण ११,४००. म्हणजे पहिल्या वर्षी ३,९०० रुपये कमी पडतात.

घाबरू नका, पण लपवूही नका. ही रक्कम गटातून अंतर्गत कर्ज म्हणून घ्यायची आणि तशी नोंद करायची. दुसऱ्या वर्षी मजुरी, किरकोळ खर्च आणि आठ नवे झेंडे जाऊन ४,१०० उरतात. म्हणजे दोन वर्षांनी, कर्जाचं व्याज न धरता, हातात २०० रुपये! खरी कमाई तिसऱ्या वर्षापासून, साधारण चार हजार. ५० गिऱ्हाइकं झाली तर दुप्पट. कुणी सांगितलं की यात गट श्रीमंत होतो, तर विश्वास ठेवू नका. मजुरी मात्र कापायची नाही. सेवेचं काम आहे म्हणून बाईनं फुकट करावं, हे आपल्या गटात चालू द्यायचं नाही.

मग हा पैसा कशाला? आमच्या बैठकीत ठरलं की त्यातून रात्रीच्या गाडीभाड्याचा निधी करायचा. रात्री एखाद्या बाईला अचानक दवाखान्यात न्यावं लागतं, लातूरला किंवा धाराशिवला. कर्ज मिळतं, पण ते बैठकीत ठराव होऊन. रात्री दोन वाजता ठराव कुठला? गाडीवाल्याला द्यायला हातात रोकड लागते. ती गावातल्या कुठल्याही घराला, गटात असो-नसो, बिनव्याजी मिळावी. निधी एकीच्या घरी, वही दुसरीकडं, आणि दर महिन्याच्या बैठकीत दोन्ही समोर. वर्गणी मागायला जाताना हेही सांगा, लोकांना ते पटतं.

पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. हे काम त्याच शिस्तीचं आहे. तुमच्या गटात जुने झेंडे पडून असतील तर येत्या बैठकीत बाहेर काढा, धुवा, कोणते चांगले आहेत ते बघा. ग्रामपंचायतीला विचारा, दहा घरं ठरवा आणि एका दिवसापासून सुरुवात करा. आमचा बारावा झेंडा आता पहिल्या नंबरचा आहे. तो मी स्वतः लावते आणि स्वतः उतरवते.